कूस बदलणारे हात : रमाबाई रानडे आणि शुश्रूषेचा वसा

बेंगळुरू, १२ मे : होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्यामध्ये वसलेल्या एचएसआर लेआउटमध्ये नोकरीच्या निमित्ताने स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. अशा एखाद्या कुटुंबातील वृद्ध आई किंवा वडील अतिदक्षता विभागात दाखल होतात, तेव्हा घरच्यांचे डोळे यंत्राच्या पडद्यावरील आकड्यांवर खिळलेले असतात. पलंगाशी उभ्या असलेल्या परिचारिकेचे लक्ष त्या आकड्यांबरोबर आणखी एका गोष्टीकडे असते. ठरावीक वेळ झाली की ती सहकाऱ्याच्या मदतीने रुग्णाची कूस बदलते, माकडहाडावरची, खुब्यावरची आणि टाचांवरची कातडी तपासते, चादरीची चुणी सरळ करते. रुग्णाला शय्याव्रण, म्हणजेच बोलीभाषेतील बेडसोर, होऊ नयेत यासाठी हे सारे चाललेले असते.

प्रतिष्ठित घरातील भारतीय स्त्रीने परक्या रुग्णाच्या अंगाला असा हात लावावा, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात अकल्पनीय होती. ती शक्य करणाऱ्यांमध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पत्नी म्हणून आणि ‘उंच माझा झोका’ या दूरचित्रवाणी मालिकेची नायिका म्हणून मराठी घराघरांत त्या परिचित आहेत. परिचर्येच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र तितके सांगितले जात नाही. आज, आंतरराष्ट्रीय परिचारिका दिनी, या कार्याचे स्मरण उचित ठरावे.

देवराष्ट्रे ते पुणे

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण यांचेही हेच जन्मगाव. माहेरी त्यांचे नाव यमुना. मुलींनी अक्षर गिरवणे अशुभ मानले जाणारा तो काळ असल्याने माहेरी त्यांना शिक्षण मिळाले नाही.

१८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पती महादेवराव रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांच्या प्रथम पत्नीचे त्याच वर्षी निधन झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा विद्वान स्वतः विधवेशी विवाह करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे महादेवरावांनी मान तुकवली आणि त्याबद्दलची टीका आयुष्यभर सोसली. त्या निर्णयाची दुसरी बाजू अशी, की निरक्षर आलेल्या पत्नीला शिकवण्याचे काम त्यांनी लग्नानंतर लगेच हाती घेतले. मराठी मुळाक्षरांपासून सुरू झालेला हा अभ्यास इंग्रजी वृत्तपत्रे आणि ग्रंथ वाचण्यापर्यंत पोहोचला. पुढे कोलकात्यातील मुक्कामात रमाबाईंनी बंगालीही आत्मसात केली.

या शिक्षणाची किंमत घरातच मोजावी लागली. एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेने पुस्तक हाती धरणे मंजूर नव्हते. टोमणे, अबोला, कामाचे ओझे हे सारे नित्याचे होते. उलट उत्तर न देता आणि अभ्यासही न सोडता रमाबाई त्या वातावरणात टिकून राहिल्या. समोरच्याचा विरोध समजून घ्यायचा, त्याचा अपमान करायचा नाही आणि आपला मार्गही बदलायचा नाही, ही त्यांची पुढील आयुष्यातील कार्यपद्धती या घरातच घडली. परंपरानिष्ठ कुटुंबातील विधवांना रुग्णालयाच्या दारापर्यंत नेताना हाच अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

सार्वजनिक जीवनाचा आरंभ

महादेवरावांच्या बदल्यांमुळे नाशिक, धुळे अशा गावी संसार हलत राहिला आणि प्रत्येक ठिकाणी रमाबाईंचा स्त्रियांशी संपर्क वाढत गेला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. त्या कार्यात रमाबाई रानडे सामील झाल्या. मुलींसाठी माध्यमिक शाळा काढावी, ही मागणी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मांडण्यासाठी पुण्यात सभा भरली, तेव्हा इंग्रजीतून निवेदन वाचण्याचे धाडस त्यांनी केले. २९ सप्टेंबर १८८४ रोजी सुरू झालेली ती शाळा आज हुजूरपागा या नावाने ओळखली जाते.

१८९३ मध्ये महादेवरावांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदी नियुक्ती झाली आणि दांपत्य मुंबईत आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी मंडळ स्थापन करून भाषा, शिवणकाम आणि प्रथमोपचार यांचे वर्ग चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई त्या वेळी अडतीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परतल्या आणि वर्षभर त्यांनी स्वतःला वाड्यात जवळजवळ कोंडून घेतले.

त्या एकांतातून त्या बाहेर आल्या, त्या दुःखितांच्या भेटीला. येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या नियमाने भेटू लागल्या. सुधारगृहातील मुलांकडे सणासुदीला गोडधोड घेऊन जाणे, रुग्णालयांतील आजाऱ्यांना फळे, फुले आणि पुस्तके देणे हा त्यांचा परिपाठ झाला. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

वाड्यातील सेवासदन

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन ही संस्था स्थापन केली आणि रमाबाईंना अध्यक्ष केले. योगायोग असा, की भारतातील प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाईंनी पुण्यात स्वतःच्या वाड्यातच सेवासदनाचे कार्य सुरू केले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर या कार्यात त्यांचे प्रमुख सहकारी होते. लिहिण्या-वाचण्याचे, शिवणकामाचे आणि प्रथमोपचाराचे वर्ग येथे भरू लागले. येणाऱ्यांत विधवांची संख्या मोठी होती. बालवयात वैधव्य आलेल्या, सासरी आश्रित आणि माहेरी भार ठरलेल्या या स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करणारा व्यवसाय हवा होता.

१९१० मध्ये रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे आत्मकथनपर पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १३ ऑगस्टला लंडनमध्ये आधुनिक परिचर्येच्या जनक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या विद्यार्थिनींचे परिचारिका-प्रशिक्षण सुरू झाले.

स्पर्शाचा प्रश्न

या पावलाचे मोल समजण्यासाठी त्या काळचे पुणे डोळ्यांसमोर आणावे लागते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या होत्या. डॉक्टर झालेली स्त्री समाजाला विस्मयकारक वाटत असली, तरी तिच्याविषयी आदर होता. परिचारिकेच्या वाट्याला तो आदर नव्हता. रुग्णाला पुसणे, मलमूत्राचे भांडे देणे, पू आणि रक्ताने भरलेले कपडे बदलणे ही कामे हलकी मानली जात. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांत वाढलेल्या घरांना कोणत्याही जातिधर्माच्या, त्यातही पुरुष रुग्णाला स्पर्श करणे हा धर्मभ्रष्टतेचा प्रकार वाटे. रात्रपाळी हा तर कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न होता.

याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली होती आणि त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च रोजी देह ठेवला होता. स्पर्शाची भिंत त्यांनी स्वतःच्या प्राणांचे मोल देऊन ओलांडली होती. रमाबाईंच्या कार्याचे वेगळेपण असे, की सर्वाधिक सोवळे पाळणाऱ्या वर्गातूनच त्यांनी स्त्रिया बाहेर आणल्या आणि सेवेला शिस्तबद्ध शिक्षणाची, प्रमाणपत्राची व वेतनाची जोड दिली.

त्यासाठी त्यांनी वादविवादाचा मार्ग धरला नाही. त्या घरोघरी गेल्या आणि वडीलधाऱ्यांशी बोलल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या देखरेखीखाली मुलगी राहणार, हा विश्वास अनेक कुटुंबांना पुरेसा वाटला. प्रशिक्षणार्थींसाठी वसतिगृहाची सोय करण्यात आली. त्यामुळे राहणे, जेवण आणि ये-जा यांविषयीच्या शंका दूर झाल्या. रूढी तोडण्याची भाषा न करता रूढीतून बाहेर पडण्याची वाट त्यांनी बांधून दिली.

या वाटेवर अपमानही होते. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली, अंगभर वस्त्र लपेटलेली एक विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची टर उडवली. एरवी सौम्य असणाऱ्या रमाबाईंनी त्या प्रसंगी उभे राहून त्या शिकलेल्या तरुणांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. विधवेचे ते रूप ज्या समाजाने घडवले, त्यानेच तिला हसावे, ही विसंगती त्यांना असह्य झाली. त्यानंतर सभागृह निःशब्द झाले, असे सांगितले जाते.

औषधाने न टळणारी जखम

सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससूनमध्ये जी विद्या शिकत होत्या, तिचे मर्म शय्याव्रणाच्या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट होते. नाइटिंगेल यांनी १८५९ मधील आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात रुग्णाला पडणाऱ्या अशा जखमांचा दोष बहुतेक वेळा आजाराकडे नसून शुश्रूषेकडे जातो, असे मत मांडले होते. ते विधान कठोर होते आणि आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर संपूर्ण खरेही नाही. काही अतिगंभीर रुग्णांना सर्व काळजी घेऊनही जखमा होतात. तथापि रुग्णालयात कोण काय करते, याची उत्तम कसोटी त्या विधानाने दिली. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा येऊन जात असे. रुग्णाची पाठ दिवसरात्र सांभाळणे हे परिचारिकेचेच काम होते.

शय्याव्रणाची कारणे साधी आहेत. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. बेशुद्ध, पक्षाघाताने लुळा पडलेला किंवा गुंगीच्या औषधाखाली असलेला रुग्ण ते करू शकत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या मांसातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात. रक्त पोहोचत नाही आणि पेशी मरू लागतात. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग या जागा सर्वाधिक धोक्याच्या. घाम व मलमूत्राचा ओलावा, ओढताना होणारे घर्षण, अशक्तपणा आणि ताप यांमुळे कातडी आणखी दुबळी होते. प्रारंभी केवळ लाली दिसते. दुर्लक्ष झाले तर जखम स्नायूंपर्यंत आणि शेवटी हाडापर्यंत जाते. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात अशा जखमेतील जंतूंचा संसर्ग रक्तात पसरणे म्हणजे बहुधा मृत्यूच होता. मूळ आजारातून वाचलेला माणूस पाठीच्या जखमेने दगावत असे.

त्या काळच्या परिचारिकेला पाठ धुणे, कोरडी करणे, स्पिरिट चोळणे, पावडर लावणे आणि चादर ताणून घालणे शिकवले जाई. यातील काही गोष्टी आता बाद झाल्या आहेत. लाल झालेल्या जागेवर चोळल्याने आतील पेशींना अधिक इजा होते, हे समजल्यावर मालिश वर्ज्य ठरले. मधोमध पोकळी असलेल्या गोल उशाही भोवतालचा रक्तपुरवठा अडवतात, म्हणून त्या टाळल्या जातात. नजर ठेवणे, कोरडेपणा राखणे आणि कूस बदलणे हे तीन नियम मात्र कायम आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मॅन्डव्हिल रुग्णालयात मणक्याच्या दुखापतीच्या सैनिकांना दिवसरात्र दर दोन तासांनी वळवण्याचा दंडक घातला आणि ज्यांच्या जगण्याची आशा सोडली जाई, असे असंख्य रुग्ण वाचले.

आजच्या अतिदक्षता विभागात हे काम अधिक अवघड झाले आहे. श्वसनयंत्रावरील रुग्णाला अनेक नळ्या जोडलेल्या असतात. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांमुळे कातडीकडे जाणारे रक्त कमी होते. मुखवटा किंवा नळीच्या दाबाने नाकावर आणि ओठांवरही जखमा होतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेडन मापनश्रेणीनुसार संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण अशा सहा निकषांवर रुग्णाचे गुण मांडले जातात आणि एकूण गुण जितके कमी, तितका धोका अधिक समजला जातो. रुग्णाला पूर्ण कुशीवर न झोपवता सुमारे ३० अंशांत कलते ठेवणे, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे, वर सरकवताना ओढण्याऐवजी चादरीने उचलणे, पुरेशी प्रथिने देणे हे उपाय सर्वत्र अवलंबले जातात. दाब विभागणाऱ्या हवेच्या गाद्या उपयुक्त असल्या, तरी त्या आल्या म्हणून कूस बदलण्याचे काम थांबत नाही. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. त्यामुळे भारतीय रुग्णांच्या बाबतीत त्या जागेची ऊब, कडकपणा आणि वेदना हाताने तपासून पाहावी लागते. येथेही अखेर प्रश्न स्पर्शाकडेच येतो.

अखेरची वर्षे

सेवासदनाचा व्याप वाढत असताना रमाबाईंनी इतर आघाड्याही सोडल्या नाहीत. १९१३ मध्ये गुजरात आणि काठियावाडात दुष्काळ पडला, तेव्हा मदतकार्यासाठी त्या तेथे गेल्या. पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा लाभ मुलांबरोबर मुलींनाही मिळावा, यासाठी १९२० च्या सुमारास स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्या चळवळीच्या अग्रभागी साठीकडे झुकलेल्या रमाबाई होत्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्या झटल्या आणि १९२१ मध्ये विधिमंडळाने तो ठराव स्वीकारला.

आयुष्याच्या उत्तरार्धात आषाढी आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास त्या सेवासदनाच्या कार्यकर्त्या स्त्रियांसह आळंदीला जात आणि यात्रेतील स्त्रियांची सेवा करीत. वारकऱ्यांमध्ये रुग्णसेवा करणारी शिकलेली स्त्री दिसणे, हे दृश्य तोवर महाराष्ट्राने पाहिले नव्हते. रुग्णालयातील परिचर्या आणि यात्रेतील सेवा यांत त्यांनी भेद मानला नाही. परमार्थाच्या परंपरेत वाढलेल्या समाजाला शुश्रूषेचे मोल पटवून देण्याचा याहून सुगम मार्ग कदाचित नव्हता.

एप्रिल १९२४ मध्ये पुण्यात रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी सेवासदनाच्या विविध विभागांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. अध्यापिकांचे प्रशिक्षण महाविद्यालय आणि परिचारिका-विद्यार्थिनींसह इतरांसाठी वसतिगृहे उभी राहिली होती. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १५ ऑगस्ट १९६२ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

न संपलेले काम

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि परिचारिकांच्या शिक्षणाला देशभर समान दर्जा देण्याची व्यवस्था निर्माण झाली. रमाबाईंनी ज्या व्यवसायासाठी घरोघरी जाऊन मुली मागितल्या, त्यात आज देशाच्या सर्व भागांतील लाखो स्त्रिया आणि पुरुषही आहेत. बेंगळुरूच्या रुग्णालयांत केरळ, ईशान्य भारत आणि कर्नाटकच्या विविध जिल्ह्यांतील परिचारिका मराठी, कन्नड, तमिळ, हिंदी बोलणाऱ्या रुग्णांची सारख्याच निष्ठेने सेवा करताना दिसतात. कोणाची जात कोणती, हा प्रश्न पाठ पुसताना कोणी विचारत नाही.

तरीही १९११ मधील एक अडचण वेगळ्या रूपात शिल्लक आहे. या कामाला लागणारे हात पुरेसे नाहीत. श्वसनयंत्रावरील एका रुग्णामागे एक परिचारिका असणे अपेक्षित मानले जाते. प्रत्यक्षात जेथे एकीवर अनेक रुग्णांचा भार पडतो, तेथे सर्वप्रथम राहून जाते ते कूस बदलण्याचे काम, कारण ते न केल्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. तातडीच्या औषधाचा विसर लगेच लक्षात येतो. न बदललेली कूस काही दिवसांनी जखमेच्या रूपाने समोर येते आणि मग तिचा भार रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही महिनोन्महिने वाहते. रुग्ण घरी परतल्यावर हीच जबाबदारी मुलगी, सून किंवा मुलावर येते आणि रुग्णालयातील परिचारिकेने घरच्यांना कूस बदलायला शिकवले आहे की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते.

रमाबाईंच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींची नावे इतिहासाने जपलेली नाहीत. केशवपन केलेल्या डोक्यावर पदर घेऊन, सभागृहातील हशा झेलून त्या ससूनच्या कक्षात गेल्या आणि तेथे अनोळखी माणसांच्या पाठी सांभाळायला शिकल्या. त्यांनी टाळलेल्या जखमांची नोंद कोठेही नाही, कारण न झालेल्या जखमेची नोंद कोणी ठेवत नाही. अतिदक्षता विभागात आज रात्री कोणीतरी घड्याळ पाहून रुग्णाची कूस बदलील, तेव्हा तो वसा एक पाऊल पुढे गेलेला असेल.